मामाचा मामा

फोन शुक्रवारी घेतला आणि भाचा मंगळवारी जेवायला आला. शनिवार-रविवार दुकानाचे, त्याची सुट्टी मंगळवारची. मधल्या दिवसांत ते बिल मी आठ-दहा वेळा तरी उलगडून पाहिलं असेल. पस्तीस वर्षं बँकेत गेलेली; दुसऱ्याच्या बेरजेतली चूक शोधणं हातात मुरलेलं. पण इथे चूक सापडेना. बेरीज बरोबर होती. दुकानाबाहेरच्या फलकावर १८,९९९ लिहिलं होतं आणि मी २२,३४० रुपये देणं लागत होतो.

भाचा निपाणीचा. डिप्लोमा करून बंगळुरात आला, हूडीला पीजीत राहतो आणि एका मोबाइल कंपनीचा प्रमोटर म्हणून दुकानात उभा असतो. पगार कंपनीचा, उभं राहायचं दुकानात, बोलणी दोघांचीही खायची. महादेवपुऱ्यात मेट्रोच्या खांबांकडेने सिंगय्यनपाळ्याहून हूडीकडे चालत निघालं तर मोबाइलची दुकानं मोजायचा कंटाळा येतो; त्यातलं एक त्याचं. मी जिथे गेलो ते त्याचं दुकान नव्हे, पण त्याच रस्त्यावरचं. नाव सांगत नाही. भाचा म्हणतो, पाटी बदलली तरी बिल हेच येणार.

कुंद्याचा डबा मामीच्या हातात देऊन त्याने बिल उचललं, वरून खाली नजर फिरवली आणि हसला.

"मामा, तुमचा पार मामा केलाय की हो."

"हसतोस काय?"

"हसू नको तर काय करू? पोरानं काम झक्कास केलंय. तीन अटॅच."

अटॅच म्हणजे फोनला चिकटवून विकलेली वस्तू, हे मला त्या दिवशी कळलं. फोन १८,९९९. त्याखाली 'प्रोटेक्शन प्लॅन' १,४९९. काच आणि कव्हर मिळून ८९९. मग फायनान्स कंपनीची प्रोसेसिंग फी ७९९ आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, १४३ रुपये ८२ पैसे. फायनान्सही अटॅचमध्येच मोजतात म्हणे. रोज रात्री दुकान बंद झालं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आकडे टाकायचे: फोन किती, अटॅच किती. फोन पाच आणि अटॅच शून्य असलं की दुसऱ्या दिवशी सकाळी टीम लीडरचा फोन.

"याला सरळ चोरी म्हणतात," मी म्हणालो.

"चोर पावती देतो होय मामा? सगळं लिहिलंय की बिलात. छापून दिलंय, शिक्का मारून दिलंय."

"लिहिलंय, पण कधी? सगळं झाल्यावर!"

मग मी त्याला तो शुक्रवार सांगितला. दुकानात एसी इतका थंड की चष्म्यावर बाहेर आल्यावर वाफ धरावी. पोरगा ओडिशाचा, बोलायला गोड. त्याची हिंदी वेगळी, माझी सांगलीची. 'झीरो कॉस्ट, सर' एवढं मात्र दोघांनाही नीट समजत होतं. जुन्या फोनचे सहा हजार 'पर्यंत' मिळतील असं फलकावर होतं. मराठीत 'पर्यंत' हा शब्द शेवटी येतो, त्यांच्या फलकावरही तो शेवटीच होता, मुंगीएवढ्या अक्षरात. माझ्या फोनचे त्याने नऊशे सांगितले. मी म्हटलं, राहू दे. तेवढ्यात माझा फोन वाजला. 'सर, ओटीपी.' ऑफर तपासायला एक. आधारसाठी एक. बँकेतून हप्ता कापायच्या परवानगीला एक. चौथा कशासाठी होता ते अजून मला ठाऊक नाही. मी चष्मा लावून आकडे वाचतोय, तो टॅबवर टाइप करतोय, आणि शेजारच्या दुसऱ्या पोराने नव्या फोनवर फवारा मारून, कापडाने पुसून, कडेने फुंकर घालत काच बसवलीसुद्धा. मी म्हटलं, ही कुणी सांगितली? तर म्हणाला, 'लग गया सर, अभी निकालेगा तो वेस्ट.'

भाचा मान डोलवत होता, शाळेतला धडा दुसऱ्याने बरोबर म्हणून दाखवावा तशी.

"ट्रेनिंगच तसं असतंय. पेटीतून फोन निघाला की दोन मिनिटांत काच बसली पाहिजे. बसलेली काच काढ म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून बघितलं नाही."

"आणि तुला त्यात काही वाटत नाही?"

"वाटतंय की. पण आधी हिशेब ऐका, मग शिव्या द्या." त्याने बिलाची मागची कोरी बाजू वर केली. मला बरं वाटलं. पोराला कागदावर आकडा मांडायची सवय आहे. "अठरा-एकोणीस हजाराच्या फोनवर दुकानाला सुटतात तीन-चार टक्के. म्हणजे सहाशे-सातशे. गिऱ्हाइकानं क्रेडिट कार्ड घासलं की दोनेक टक्के मशीनवाल्या बँकेचे गेले. राहिले तीनशे. त्यात भाडं, लाइट, चार पोरांचे पगार. आणि गिऱ्हाईक येतंय ते हातात ऑनलाइनचा भाव धरूनच. म्हणतंय, तिकडं पाचशेनं स्वस्त आहे, द्या. मालक देतो. मग दुकान चालायचं कशावर? काच एसपी रोडला घाऊक घेतली तर चाळीस रुपयांत येते."

"आणि मला कव्हरासकट आठशे नव्व्याण्णवला!"

"त्यातच दुकान चालतंय, मामा. फोन हे निमित्त. तुमच्याकडं हॉटेलवाला चहात कमावतोय का? भज्यात कमावतोय."

हे त्याचं म्हणणं मला खोडता येईना, आणि अजूनही येत नाही. वस्तूची किंमत फलकावर कमी आणि तळाशी जास्त होण्याचं मूळ गिऱ्हाइकाच्याही हावेत असतं. पाचशे रुपये सुटले म्हणून मी त्या दुकानात शिरलो होतो. आधीच्या दुकानाने एकोणीस हजार पाचशे सांगितले होते आणि काचेचा विषयही काढला नव्हता. तो बिचारा प्रामाणिक असेल. मी त्याच्याकडून घेतलं नाही.

भाच्याचा आवाज चढला होता. दुकानदारांचं दुखणं तो तारखांसकट मांडत होता. २०२४ च्या १ मेपासून दक्षिणेतल्या संघटित मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनेने वनप्लसचे फोन विकायचे नाहीत असं जाहीर केलं होतं; महाराष्ट्र, कर्नाटकासह सहा राज्यांतली साडेचार हजार दुकानं. तक्रारी काय, तर नफा नगण्य, वॉरंटीचे दावे लटकलेले, आणि कंपनी एका मालाबरोबर दुसरा माल गळ्यात मारते. त्याआधी २०२० च्या जानेवारीत दिल्लीच्या व्यापारी महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली. ठराविक फोन ठराविक संकेतस्थळावरच का निघतात, हा त्यातला एक प्रश्न. दोन्ही कंपन्या इथे, कर्नाटक उच्च न्यायालयात आल्या. चौकशी आधी थांबली, जून २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. "एवढी वर्षं गेली. तोवर गल्लीतली दुकानं बंद पडली ती पडलीच," भाचा म्हणाला.

"थांब. कंपनी दुकानदाराच्या गळ्यात नको तो माल मारते म्हणून दुकानदार रडतो, आणि तोच माझ्या गळ्यात काच मारतो. हे वड्याचं तेल वांग्यावर झालं."

"वांग्याला बोलता येत नाही ना, म्हणून."

स्वयंपाकघरातून मामी हसली. माझ्या बाजूने कुणी नव्हतं.

मग मी माझ्या हक्काच्या मैदानात उतरलो: व्याज. मुळात शून्य टक्के व्याज ही चीज जगात नसते. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ लाच बँकांना हे लेखी बजावलं होतं, की शून्य टक्क्याच्या योजनांत व्याज फीच्या पदराआड लपवलेलं असतं. त्याच परिपत्रकात डेबिट कार्डावर दुकानदाराने जादा टक्के घेणंही चूक ठरवलं. म्हणून तर क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट' हप्ता घेतला की बँक व्याज लावतेच. तेवढी सूट कंपनी किंवा दुकान आधी किमतीत देतं, आणि त्या व्याजावरचा जीएसटी मात्र गुपचूप तुमच्या माथी येतो.

"तो नियम बँकांना होता. तुमचं कर्ज फायनान्स कंपनीचं," भाचा म्हणाला. "आणि कागद आलाय की तुम्हाला. मेसेज बघितला का?"

नव्हता बघितला. शुक्रवारी सात वाजून बारा मिनिटांनी लिंक आली होती. त्यात सहा पानांची पीडीएफ, इंग्रजीत, आणि तिसऱ्या पानावर एक चौकट. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जाला हे मुख्य तपशीलपत्रक सक्तीचं केलं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते लागतंच. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर काय पडतो तो त्यात लिहावा लागतो, आणि पत्रकात नसलेला आकार कर्जदाराच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. नियम पोकळ नाही, आणि डिजिटल कर्जांना तो त्याआधीपासूनच होता. १५ नोव्हेंबर २०२३ ला पुण्याच्या बजाज फायनान्सच्या दोन योजनांवर (माझं कर्ज त्यांचं नव्हे) रिझर्व्ह बँकेने नवी कर्जं द्यायला बंदी घातली ती मुख्यतः असलं पत्रक न दिल्याबद्दलच. २ मे २०२४ ला ती उठली.

माझ्या चौकटीत लिहिलं होतं: १५.६७ टक्के.

फलकावर शून्य, तिसऱ्या पानावर १५.६७. मी पेन्सिल घेतली. दुकानात रोखीचा भाव १८,२०० सांगितला होता. हप्त्याने घेतलं म्हणून ते आठशे बुडाले, ते या चौकटीत कुठेच नाहीत. तेही धरले आणि प्लॅन, काच सोडून नुसत्या फोनचा हिशेब केला तर मला खरोखर मिळालं ते फी वजा जाता १७,२५७ चं कर्ज, आणि सहा महिन्यांत फेडायचे १८,९९९. दर वर्षाला ३३ टक्क्यांच्या वर जातो. सोनं तारण ठेवलं असतं तर स्वस्त पडलं असतं.

"हे बघ. आणि तू म्हणतोस चोर पावती देत नाही."

भाच्याने आकडा दोनदा पाहिला. मला वाटलं, जिंकलो. पण तो वेगळ्याच वाटेने आला.

"मामा, एक विचारू? रागावू नका. तुमच्या बँकेत घराचं कर्ज दिलं की बरोबर विमा लागायचाच म्हणून सांगत होता की नाही?"

मी गप्प.

"आणि लॉकर पाहिजे असला की आधी एफडी ठेवा म्हणून?"

"ते वेगळं," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्या हायस्कूलच्या मास्तरांची एफडी आठवते का? मुलीच्या लग्नाचे पैसे होते त्यांचे. तुम्हीच येऊन सांगितलं होतं, आज टार्गेट झालं म्हणून."

आठवते. मार्च महिना होता. मास्तरांना लॉकर हवा होता, मला ठेवी. त्यांनी नियम विचारला नाही, मी सांगितला नाही. शब्द खोटा बोललो नव्हतो. एवढंच म्हणालो होतो, 'एफडी असली की लॉकरचं लवकर होतं.' आज माझ्यासमोर बसलेला पोरगा याला अटॅच म्हणतो. आमच्या वेळी क्रॉस सेलिंग म्हणायचे, आणि ते चांगलं करणाऱ्याला विभागीय कार्यालयाचं अभिनंदनाचं पत्र यायचं. माझ्याकडे अशी तीन पत्रं आहेत.

भाच्याला वाईट वाटलं असावं. त्याने कुंद्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

बऱ्याच वेळाने मी बोललो ते त्याला हरवायला नव्हे, मलाच काहीतरी सापडलं म्हणून. "आमच्याकडे अंगठा लावणारा माणूस आला की एक रीत होती. अंगठ्याखाली लिहावं लागायचं, 'मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, कबूल आहे.' खाली आमची सही. कित्येकदा उरकून टाकायचो, नाही म्हणत नाही. पण ती ओळ होती. ती लिहिताना एखाद्याचा हात तरी अडायचा. तुझा ओटीपी म्हणजे अंगठाच की. फक्त खालची ती ओळ गेली. सही करणारा दुसरीकडे बघत असतानाच सही होऊन जाते."

"तुम्ही शिकलेले आहात, मामा. वाचायचं की."

"फोन दाखवणारा पोरगा ओटीपी मागतो तेव्हा कागद अजून आलेलाच नसतो. सात-बाराला आला. मी सात वाजता सही केली होती."

"सात-बारा उशिराच येतो," भाचा म्हणाला, आणि या वेळी मलाही हसू आलं. शेतकऱ्याचा पोरगा आहे.

पण तो लगेच गंभीर झाला. "खरं सांगू? पहिल्या महिन्यात मी सगळं वाचून दाखवत होतो. फी एवढी, प्लॅन घ्यायलाच पाहिजे असं नाही, काच बाहेर दीडशेला मिळते. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं, थँक्यू म्हणायचं आणि शेजारच्या दुकानात जाऊन तिथल्या पोराकडून सगळं घ्यायचं. कारण तो म्हणायचा, झीरो. इन्सेंटिव्ह मिळाला नाही. पीजीचं भाडं कसं दिलं ते मलाच ठाऊक. एकट्यानं खरं बोलून भागत नसतंय. सगळ्या रस्त्याला बोलायला लागतंय."

यावर माझ्याकडे कायदा होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक वस्तू देण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणं बसत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. भाव थेंबाथेंबाने वाढवत नेणं आणि ग्राहकाच्या टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं, दोन्ही त्यात आहेत. भाच्याचं म्हणणं, ती संकेतस्थळांना, आमच्याकडं टोपली नसते, काउंटर असतो. बरोबर आहे. काच टोपलीत नाही सरकवत, सरळ फोनवरच चिकटवतात.

मी त्याला ग्राहक पंचायतीचंही सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ठाण्यात होतो तेव्हा आमची बिल्डिंग मुंबई ग्राहक पंचायतीच्या एका संघात होती. १९७५ पासूनची संस्था, बिंदुमाधव जोशींच्या चळवळीतून उभी राहिलेली. दहा-बारा कुटुंबं एकत्र मागणी नोंदवायची, महिन्याचा माल एका घरी उतरायचा, तिथे तोलून वाटप. साबणाच्या वडीबरोबर कुणी काही अटॅच करत नव्हतं, कारण विकणाराच घरातला.

"मोबाइल कसा तोलून वाटणार?" भाचा म्हणाला. खरं आहे. शिवाय या इमारतीत चारशे फ्लॅट आहेत आणि मला लिफ्टमधले दोन कुत्रे नावाने ठाऊक आहेत, माणसं नाहीत.

"मग जा की ग्राहक आयोगात. शांतीनगरला आहे. पाच लाखांपर्यंत फी पण नसते."

"नवीन कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. सांगलीला परत गेलो की तिथे करेन."

"तीन हजारांसाठी?"

"चंदीगडला एकाने तीन रुपयांसाठी केली. बाटाच्या दुकानाने कागदी पिशवीचे तीन रुपये लावले होते. २०१९ मध्ये ग्राहक मंचाने दुकानाला नऊ हजारांचा भुर्दंड बसवला."

"तुमच्याकडं पुरावा काय? चार ओटीपी तुम्हीच दिलाय."

हा पोरगा वकील व्हायला हवा होता. पण मग त्यानेच खुर्ची जवळ ओढली आणि धंद्यातला माणूस घरच्याला सांगतो तसं सांगायला लागला. पेटीचं सील आपण कापायचं, त्यांना कापू द्यायचं नाही. महिनाअखेरीला टार्गेट भरायला आधीच चालू करून ठेवलेले फोनही खपवले जातात, आणि वॉरंटी चालू केल्या दिवसापासून मोजतात. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबायचं. पडद्यावर पंधरा आकडे येतात, ते पेटीवरच्या आणि बिलावरच्या आकड्यांशी जुळवायचे. मग केवायएम लिहून, जागा सोडून, तेच पंधरा आकडे १४४२२ वर पाठवायचे. फोन कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते सरकारकडून उत्तर येतं. आणि दुकानात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य एकच बोलायचं.

"कुठलं?"

"'सगळं धरून दाराबाहेर जाताना किती?' ते ऐकलं की आम्ही ओळखतो, इथं अटॅच होत नाही. मग आम्हीही वेळ घालवत नाही."

आमचा फोन जुळला. पंधराच्या पंधरा आकडे. निदान फोन तरी नवा होता.

प्लॅनच्या कागदावर भाच्याने बोट ठेवलं: सात दिवसांत रद्द करता येईल. आज पाचवा. "फिरवा नंबर. स्पीकरवर टाका."

बारा मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. नाव, बिलाचा नंबर, कारण. कारण काय सांगू? म्हटलं, मागितला नव्हता. तिने विचारलं, त्याऐवजी दोन महिने वाढवून देऊ का. नको. निम्म्या किमतीत? नको. मग माझ्या हातातला फोन थरथरला.

"सर, ओटीपी आलाय तो सांगा."

मी चष्मा लावला. सहा आकडे होते, आणि त्याखाली लिहिलं होतं की हा ओटीपी कुणालाही सांगू नका. भाचा माझ्याकडे बघत होता.

"सर?"

"ताई," मी म्हणालो, "हा दिला की नेमकं काय होणार आहे, ते आधी मला वाचून दाखवा. सगळं."

पलीकडे थोडा वेळ नुसताच इतर मुलींच्या बोलण्याचा गलका ऐकू येत राहिला. मग कागद चाळल्यासारखा की कळफलकाचा, कसला तरी आवाज झाला आणि तिने पहिल्या कलमापासून सुरुवात केली. मी भाच्याकडून पेन्सिल मागून घेतली.